ग्रम्बलिंग आणि आमचे आप्पा

न्हावऱ्याहून रांजणगावला आमची कंपनीची बस रोज तेच खड्डे मोजत जाते. रोज तीच माणसं शेजारी बसली की किस्से आपोआप साठतात. आमचे निम्मे तर एकट्या आप्पांच्या नावावर! आप्पा म्हणजे प्रेस शॉपमधले, म्हणजे पत्र्याला ठोके देऊन पार्ट बनवणाऱ्या मशिनींवरचे, सगळ्यांत जुने ऑपरेटर. तक्रार केल्याशिवाय त्यांना चहासुद्धा पचत नाही.

एकदा पुण्याहून ट्रेनिंग द्यायला मॅडम आल्या. बोर्डावर 'नो ग्रम्बलिंग' लिहिलं आणि अर्थ विचारला. मी म्हणालो, "सारखी कुरकुर करणं, मॅडम."

सगळ्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पा शांतपणे म्हणाले, "इंग्रजीत शब्द हाय, म्हंजी तिकडंबी माझ्यासारखी माणसं हायती की!"

*

कँटीनच्या तक्रारवहीत आप्पा रोज लिहायचे. डाळ पातळ, चपाती कच्ची, ताक आंबट. शेवटी ठेकेदार बदलला. पहिल्याच दिवशी जेवण फक्कड! आप्पांनी दोनदा डाळ घेतली, हात धुतले, वही उघडली आणि बराच वेळ विचार करत बसले. मग लिहिलं, "पेनाची शाई संपत आली आहे."

*

शिफ्ट सुरू होताना आमची उभ्याउभ्या मीटिंग होते. तिथं आप्पांचं रोजचं पालुपद एकच, "तीन नंबरची प्रेस थांबायला टाइम लावतीय."

मेंटेनन्सवाल्यांनी दोनदा बघून 'ओके' लिहिलं. सुपरवायझर वैतागले. "आप्पा, आता पुन्हा ही कटकट केलीत तर पॅकिंगला पाठवीन!" मीसुद्धा सगळ्यांबरोबर हसलो. त्या प्रेसवर राजू होता, बिहारचा, नुकतंच लग्न झालेला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये आप्पांनी तोंडच उघडलं नाही. सरळ जाऊन प्रेस बंद केली, राजूला उठवलं आणि त्याच्या स्टुलावर स्वतः बसले. "पॅकिंगला पाठवा, न्हाईतर घरी पाठवा. मशीन उघडल्याबिगर मी उठत न्हाई."

लाइन थांबली. साहेब धावत आले. प्रेस थांबवणारा ब्रेक उघडला, तर आतल्या लायनिंगला आरपार चीर! पुढच्या एखाद्या ठोक्याला प्रेस थांबलीच नसती, आणि राजूचा हात आत असता. मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.

राजू पाया पडायला वाकला. "चाचा, आपने मेरे हाथ बचा लिये."

आप्पांनी त्याचे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून पाहिले, एकेक बोट चाचपलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग ओरडले, "हातातलं ग्लोज कुठं हायत तुझं?"