दारावरची भिंत

गिरिजाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका साइटवर होते आणि स्लॅबचं काँक्रीट अर्ध्यावर आलं होतं. फोन मल्लिनाथकाकांचा, म्हणजे काकूंच्या यजमानांचा. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, हे त्यांनी एका दमात सांगितलं. मी तशीच जिना उतरायला लागले. मागं मिक्सर घरघरत होता, तो त्यांना फोनमधून ऐकू गेला असावा. स्लॅब चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

"मग थांबवू नको. पोरगी हैदराबादहून यायला संध्याकाळ होतीय. तू काम उरकून ये... अर्धा स्लॅब टाकून आलीस म्हणलं तर तुझ्या काकूलाच खपायचं न्हाय."

मी परत वर गेले. स्लॅब मध्येच सोडला तर जुनं आणि नवं काँक्रीट नीट एकजीव होत नाही, सांधा राहतो, आणि पुढं कधीतरी तिथूनच पाणी झिरपायला लागतं. हे मी शिकले ते काकूंच्या शेजारी एकाच बाकावर बसून. शेवटचं घमेलं पडेपर्यंत पदरानं डोळे पुसत तिथं उभी राहिले. आता या गोष्टीला काही आठवडे झाले. लिहायला बसले की रडू येईल असं वाटत होतं, पण खरं सांगायचं तर हसूच येतंय.

कारण काकू माझ्या वर्गमैत्रीण होत्या. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाचा पहिला दिवस होता, आम्ही सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, आणि दारातून इरकल साडी नेसलेल्या, केसांत पांढरी बट असलेल्या एक बाई आत आल्या. सगळा वर्ग उभा राहिला आणि शाळेतल्या सवयीनं आम्ही एका सुरात गुड मॉर्निंग म्हणालो. बाईंनी मागं वळून पाहिलं, आपल्यामागून कोण आलं म्हणून. मग त्यांच्या ध्यानात आलं. "बसा की," त्या म्हणाल्या, "मी बी तुमच्यातलीच हाय." आणि माझ्या शेजारची रिकामी जागा पाहून तिथं बसल्या. डब्यातली शेंगाची चटणी त्या दिवशी सगळ्या वर्गानं खाल्ली, आणि मॅडम म्हणावं की ताई हा प्रश्न दुपारपर्यंत सुटला. त्या सगळ्यांच्या काकू झाल्या.

एका शाळेच्या ऑफिसात त्यांनी कितीतरी वर्षं कारकुनी केली होती. मुलीचं लग्न झालं, तसं त्यांनी नोकरी सोडली, बारावी सायन्सचं जुनं सर्टिफिकेट शोधून काढलं आणि प्रवेश परीक्षा दिली. नातेवाईक हसले. मल्लिनाथकाका हसले नाहीत. ते रोज सकाळी स्कूटरवरून त्यांना कॉलेजला सोडायचे. मागं काकू, त्यांच्या मांडीवर पुठ्ठ्याचं मॉडेल, आणि वाऱ्यानं मॉडेलचं छत उडू नये म्हणून सात रस्त्याच्या चौकात काका इतकी हळू स्कूटर चालवायचे की मागचे रिक्षावाले वैतागायचे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यांचं माहेर वळसंग. वडील तिथं शाळेत शिक्षक. काकू लहान असताना घराला एक खोली वाढवली. दाराची चौकट उभी राहिली, तिच्यावर भिंत चढायला लागली, आणि या पोरीला प्रश्न पडला, की खाली तर मोकळं दार आहे, मग वरची भिंत खाली का येत नाही? गवंड्यानं देवाची करणी म्हणून हात जोडले. वडील म्हणाले, हे परीक्षेला नाही, पाढे म्हण. पुढं लग्न झालं, संसार झाला, पण कुठल्याही घरात शिरताना काकूंची मान आपोआप वर जायची. बांधकाम हा विषय आपल्या अभ्यासक्रमात पाचही वर्षं आहे हे कळलं, तेव्हा त्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं. आम्हाला डिझाइन आवडायचं, बांधकामाचा कंटाळा यायचा. विटांचे थर कसे रचायचे, पाया किती खोल, जिन्याची पायरी किती उंच... आमचे डोळे मिटायचे आणि काकू मात्र टक्क जाग्या.

हा विषय होनमाने सर शिकवायचे. ते काकूंपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. आमच्या शीट्सवर ते लाल पेन्सिलीनं अक्षरशः नांगर फिरवायचे, आणि काकूंच्या शीटवर मात्र कोपऱ्यात एक हळूच टिक. दोन-तीनदा असं झाल्यावर काकू शीट घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेल्या.

"सर, माझ्या शीटवर लाल का न्हाय?"

सर संकोचले. तुम्ही वयानं मोठ्या, असं काहीतरी पुटपुटले.

"मोठी हाय म्हणून तर घाई हाय," काकू म्हणाल्या. "तुमी चुका सांगितल्या न्हाईत तर मी शिकणार कधी?"

सरांनी शीट परत घेतली. ती परत आली तेव्हा पांढरा कागद शोधावा लागत होता. काकू ती शीट लेकीच्या लग्नातली साडी दाखवावी तशी सगळ्या वर्गाला दाखवत फिरल्या. त्या दिवसानंतर सरांनी त्यांना कसलीच सवलत दिली नाही. तिसऱ्या वर्षी तर काकू नेमक्या बांधकामातच नापास झाल्या. जिना सुंदर काढला होता, पण वर जाणाऱ्याचं डोकं तुळईला आपटेल हे ध्यानात आलं नव्हतं. मग पुन्हा परीक्षेला बसल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक नकाशात, जिन्यात, दारात, गच्चीत, एक उंच, किडकिडीत, टोपी घातलेला माणूस उभा असायचा. ते मल्लिनाथकाकाच होते. शीट हातात घेतली की सर आधी त्यांचं डोकं कुठं आपटत नाही ना ते बघायचे. "काका पास झाले," असं म्हणून ते पुढची शीट उचलायचे.

पण माझ्या मनात काकू कायमच्या राहिल्या त्या कमानीच्या दिवशीच्या. दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला कॉलेजच्या मागच्या अंगणात खऱ्या विटांची कमान बांधायला लावली. लाकडी सेंट्रिंगवर दोन्ही बाजूंनी विटा चढवत न्यायच्या, मध्ये शेवटची वीट ठोकून बसवायची, काही दिवस पाणी मारायचं आणि मग खालचं लाकूड काढून घ्यायचं. लाकूड काढायचा दिवस आला आणि कुणी पुढं होईना. आमच्या हातची पहिली कमान, वाकडीतिकडी, तिच्यावर आम्ही हौसेनं आणखी भिंतही चढवली होती. सर गंमत बघत बाजूला उभे.

काकूंनी पदर खोचला. "काढा की," म्हणाल्या आणि पहिली पाचर त्यांनीच सैल केली. मग आम्ही सगळे भिडलो. लाकूड बाहेर आलं. थोडी वाळू गळली... आणि कमान उभी राहिली. पोरं ओरडली, नाचली. काकू सावकाश चालत कमानीखाली गेल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. वरचा भार मधल्या विटेवरून दोन्हीकडं सरकत खांबांत उतरतो, हे सरांनी फळ्यावर कितीदा काढलं होतं. काकूंनी दोन्ही हात पसरून कमानीच्या दोन बाजूंना टेकवले.

"वरची वीट खाली यायला बघतीय," त्या मला म्हणाल्या, "पण शेजारच्या दोघी तिला सोडंनात. म्हणून राहतंय बघ."

त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. मग आम्ही त्या कमानीखाली दाटीवाटीनं बसून चहा प्यायलो.

पदवीनंतर त्या माझ्या छोट्या ऑफिसात आल्या. स्वतःचा बोर्ड लावायची त्यांना हौस नव्हती. नकाशे काढायचे, साइटवर जायचं, संध्याकाळी पायाला सिमेंट लावून घरी जायचं, यात त्या सुखी होत्या. त्यांच्या स्वतःच्या नावाचं काम एकच, वळसंगजवळच्या एका शाळेच्या दोन खोल्या. दारांवर विटांच्या कमानी हव्यात म्हणून त्या ठेकेदाराशी भांडल्या आणि जिंकल्या. खोल्या सुरू झाल्या त्या दिवशी फीत कापून झाल्यावर त्यांनी पोरांना दारात उभं केलं आणि विचारलं, वरची भिंत खाली का येत न्हाय? पोरांनी देव, सिमेंट, सरपंच अशी उत्तरं दिली. काकूंनी तिथंच खाली बसून बिस्किटांची कमान रचून दाखवली. मी त्यांना इतकं आनंदात क्वचित पाहिलं असेल.

परवा मी त्यांच्या घरी गेले होते. खिडकीजवळ त्यांचं ड्रॉइंगचं टेबल आहे, वरची फळी त्यांच्या बेतानं तिरकी लावलेली. मल्लिनाथकाका आता तिथं बसून पेपर वाचतात. चष्मा काढून ठेवला की तो घसरत खाली येतो. काका तो उचलतात आणि परत वर ठेवतात. चहाची कपबशी तर तिथं ठेवताच येत नाही, ती ते हातातच धरून बसतात. माझ्या समोर चष्मा दोनदा घसरला. मी म्हणाले, काका, दोन स्क्रू सैल केले की फळी सपाट होईल, आत्ता करून देते.

काकांनी फळीवर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "तिनं बसवलेला उतार हाय. राहू दे की."