गिरणीवाल्या मामांचा रविवार

पिंपळगाव राजाच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत पाळक म्हणून मी पहिलं प्रवचन दिलं, तेव्हा गिरणीवाले मामा पहिल्याच बाकावर झोपले. नुसते पेंगले नाहीत, चांगले घोरले. शेवटच्या गीताला मात्र जागे होऊन सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायले. उपासनेनंतर सलाम करून म्हणाले, "पाळकसाहेब, राग नका मानू. सहा दिवस गिरणीच्या आवाजात जातेत. देवाच्या घरी आलो का जीव निवांत होते, मंग डोळा लागते." मी नुकताच शिकून आलेलो. राग यायचा तो आलाच.

मामा मंडळीतले वडील होते, म्हणजे पाळकाला चार गोष्टी सुनावण्याचा हक्क असलेले. भुवया कायम पिठानं पांढऱ्या. शनिवारी संध्याकाळी गिरणीला कुलूप घातलं की ते सोमवारीच निघे. गावात दुसरी गिरणी आली, गिऱ्हाईकं तिकडे वळतील असं पोरांनी समजावलं, तरी मामांचं कुलूप हललं नाही. फक्त एकदा, शेजारच्या घरी मुलगी पाहायला पाच माणसं यायची होती आणि पंधरा आली. भर रविवारी तिची आई दळण घेऊन धावत आली. मामांनी निमूट किल्ली काढली. मी चेष्टेनं म्हणालो, "मामा, आज रविवार ना?"

"बैल विहिरीत पडला तं सोमवारची वाट पायते काय कोणी?" असं म्हणत त्यांनी बटण दाबलं.

माझं सगळं उलटं होतं. चार गावांची मंडळी माझ्याकडे. रविवारी तीन उपासना, आठवडाभर घरभेटी, तरुणांच्या सभा, उशाशी फोन. याला मी समर्पण म्हणायचो. दुसऱ्या वर्षी वरवट बकालला एका आजारी आजीकडे गेलो. उभ्याउभ्याच प्रार्थना केली आणि निघालो. आजी शांतपणे म्हणाली, "बाबू, तुमी तं गाडी बी बंद नाही केली."

खरंच, दारात मोटरसायकल चालूच होती.

त्यानंतर या कामावरून माझं मन उडालं. प्रार्थनेला बसलो की शब्द यायचे, पण ते कुणाशी बोलतोय हेच कळेना. शेवटी राजीनामा लिहिला आणि मामांच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला, घडी करून खिशात घातला.

"महिनाभर माह्यापाशी राहू द्या. रोज सकाळी साडेपाचले गिरणीत या, अन् रविवारी दुपारी माह्या अंगणात. मंग वापस देतो."

"अंगणात काय करायचं?"

"काहीच नाही."

निंबाखाली बाज टाकलेली असे. पहिल्या रविवारी मी नुसता कुशी बदलत राहिलो. हात सारखा खिशातल्या फोनकडे जाई. दुसऱ्या रविवारी जो झोपलो, तो मामींनी चहाला उठवलं तेव्हाच जागा झालो. त्या पदराआड हसत होत्या. "पाळकसाहेब, तुमी बी घोरता हो."

सकाळची गंमत वेगळी होती. रात्री लोक दळणाचे डबे ठेवून जात. गिरणी सुरू करण्याआधी मामा एकेका डब्यावर हात ठेवून त्या घरासाठी प्रार्थना करत. हा मास्तरांचा, त्यांच्या सुनेचे दिवस भरलेत. हा भाजीवालीचा, तिचा गुडघा दुखतो. घर हिंदूचं, बौद्धाचं की मुसलमानाचं, याच्याशी मामांना कर्तव्य नव्हतं. "पीठ घरात जाते, तं प्रार्थना बी जाऊ द्या," एवढंच म्हणत.

एका सकाळी ते तापानं फणफणलेले, अंगावर घोंगडी घेऊन आले. सगळ्या डब्यांसाठी प्रार्थना केली, लोकांना दुपारी पोरगा दळून देईल असा निरोप ठेवला आणि घरी निघाले. मी म्हणालो, "मामा, आज पडून राहायचं होतं."

"आता पडतोच ना. गिरणीले सुट्टी हाये. देवाशी बोलाले काऊन सुट्टी?"

तो दिवस मी विसरू शकत नाही. मामा विसाव्यालाही चुकत नव्हते आणि प्रार्थनेलाही. मी मात्र धावता धावता दोन्ही घालवून बसलो होतो.

चौथ्या आठवड्यात पुन्हा वरवट बकालला गेलो. गाडी बंद केली, चपला काढल्या, आजीच्या खाटेशी बसलो. दुपारभर तिनं आपल्या लग्नातली भांडणं सांगितली. उठताना मी डोळे मिटले, तर आजीच माझ्यासाठी प्रार्थना करू लागली. कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडून मनापासून 'आमेन' निघालं.

महिना संपला. राजीनामा मी मागितला नाही, मामांनी दिला नाही. तो केव्हाच चुलीत गेल्याचं पुढे मामींकडून कळलं.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गिरणीत गेलो, तेव्हा दळण चालू होतं. आवाजात बोलणं शक्य नव्हतं. मी वाकलो. मामांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले, बराच वेळ ठेवले. ओठ हलत होते, ऐकू काहीच आलं नाही.

खामगावच्या बसमध्ये तिकीट देताना कंडक्टर म्हणाला, "साहेब, डोक्याले पीठ लागलं तुमच्या."

"लागू द्या," मी म्हणालो, आणि खिडकीशी डोकं टेकून डोळे मिटले.