पाम मागितले म्हणून

साक्री रोडवरच्या त्या नर्सरीवाल्याला गिऱ्हाईक आलं की फार दुःख होतं. धुळ्यात नवं घर बांधलं, अंगणात झाडं हवीत म्हणून मी तिथे चार चकरा मारल्या. दर वेळी त्याने पोटची मुलगी द्यायची असल्यासारखी माझी चौकशी केली. "आंगण कितलं शे? पाणी कोण टाकी?"

मी दाराशी लावायला दोन शोभेचे पाम मागितले. त्याने कीव आल्यासारखं पाहिलं. "भाऊ, मे महिनामा त्यानी सावली तुमना चप्पलवर बी नही पडाव." शेवटी मोठ्या मेहेरबानीने एक कडुनिंब दिला.

महिन्याभराने साहेब न बोलावता घरी हजर. मी नुकतंच अंगणभर सिमेंट करून घेतलं होतं, अगदी कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत. मी चहाचं विचारलं, त्याने पहार मागितली. शेजाऱ्यांच्या देखत सिमेंट फोडून झाडाभोवती हातभर माती मोकळी केली. मी स्वतःच्याच घरी बादली धरून उभा होतो, आणि का कोण जाणे, राग येत नव्हता.

पाणी मुरेपर्यंत तो उकिडवा बसून राहिला. मग हात झटकत उठला.

"आते बाकीनं आंगण तुमनं, भाऊ."