शुक्रवारचं घर

देव आहे की नाही, या वादात मी कधी हरलो नव्हतो. पत्रके वाचून वाढलो आणि पुढे तीच लिहू लागलो. देश स्वतंत्र झाला, पण आमचा बीडकडचा मुलूख निजामाच्या राज्यातच राहिला, आणि निजामाविरुद्धच्या एका पत्रकापायी माझ्यावर पकडवॉरंट निघाले. सरहद्द ओलांडून मी पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात आलो. डोंगरापलीकडेच माझे गाव, तरी हे परराज्य. खिशातले निजामी रुपये इथल्या दुकानात चालत नव्हते. निजामी मुलखाला इथे मोगलाई म्हणत; मी दिसलो की लोक म्हणत, "मोगलाईवाला आला."

पाटलांनी मारुतीच्या देवळात जागा दिली आणि गरीब विद्यार्थ्याला लावतात तसे जेवणाचे वार लावून दिले. रोज एक घर. शुक्रवारचे "बघू पुढं" म्हणाले आणि ते राहून गेले. पुन्हा आठवण करून देणे मला जमेना. आम्ही हक्क मागणारी माणसे, भाकरी कशी मागावी? कोणी विचारले तर "शुक्रवारचं घर ठरलंय" एवढेच मी म्हणत असे. प्रत्येक घराला वाटे, दुसरीकडे जेवत असेल.

त्यात बाजरी. माझे पोट ज्वारीवर पोसलेले; इथली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची जाळ आमटी सोसेना. पोट बिघडले, अंगात कणकण राहू लागली. समोर बसून माया लावून वाढणाऱ्या बायांना नको कसे म्हणावे? शेवटी एका शुक्रवारी परत जायचे ठरवले. तिकडे तुरुंग होता, आणि मारापुढे सोबत्यांची नावे तोंडून निघतील ही भीतीही होती. तरी आडाचे पाणी पोटभर प्यालो, वळकटी बांधली आणि उठलो, तोच डोळ्यांपुढे अंधारी आली. खांब धरून पायरीवर बसलो. घर सोडताना आई म्हणाली होती, "तुला देव नको असला तरी त्याला तू लागतोस." ते आठवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटले, माझ्याच्याने आता होत नाही; तू बघ.

डोळे उघडले तेव्हा पायरीखाली गावच्या पिंजाऱ्याची बायको, हमीदाचाची, उभी होती. हातात फडक्याची गाठोडी. आम्ही कधी बोललो नव्हतो.

"निजामाच्या इरुद्ध लिव्हता म्हनं तुमी. आमच्या हातचं खाल का?"

"खाईन, चाची."

"मग धरा. आमचे मालक नमाजाहून येताना दर शुक्रवारी तुमाला आडावर पान्यानं पोट भरताना बघत्यात. एवढं लिव्हता, आन् भूक लागली एवढं बोलता येईना व्हय?"

फडक्यात अंबाडीची भाजी होती आणि ज्वारीची भाकरी. मी पायरीवरच तुकडा मोडला.

"मी बी मोगलाईतलीच हाय. लगीन हून आले तवा मलाबी बाजरी पचली न्हाई. सासूला चोरून लई रडले. माहेरास्नं ज्वारी येती, ती जपून ठिवते. बाजरी ताकात कुस्करून खात जा, मंग बाधायची न्हाई." तिची नजर वळकटीवर गेली. "कुठं निघालाय?"

"कुठं नाही," मी म्हणालो.

"मग पुढल्या शुक्रवारी घरी या. पायरीवर किती दिस वाढू?"

दुसऱ्या दिवशी पाटलांकडे वार होता. काल कुठे जेवलास, असे पाटलीणबाईंनी विचारले. मी खरे ते सांगितले. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग ताक वाढत म्हणाल्या, "तरीच आज तोंडाला जरा कळा हाय."

हा चमत्कार होता का, हे मी ठरवत नाही. नमाजाहून परतणाऱ्या एका माणसाने मला पाहिले आणि घरी सांगितले, एवढीच साधी गोष्ट आहे ती. पण भाकरीचा पहिला तुकडा मोडताना आजही ती पायरी आठवते आणि हात आपोआप कपाळाला लागतो. शरण जाणे म्हणजे हार, असे मी पत्रकांत लिहीत असे. आता वाटते, आपली भूक दुसऱ्याला दिसू द्यावी, एवढेच ते असावे. शुक्रवारचे घर ठरले आहे, असे मी उगाच सांगत होतो. ते खरोखरच कोणीतरी ठरवून ठेवले होते. मलाच तेवढे ठाऊक नव्हते.