केबल उपटल्यावर

संचिता घाडीगावकर कोपरला राहायची आणि ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. हॉस्पिटलांचे स्कॅन साठवून ठेवणारी त्यांची सिस्टीम होती. प्रत्येक फाइलचे तुकडे वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवायचे, म्हणजे एक बंद पडला तरी बाकीच्यांनी काम ओढून न्यावं. प्रत्यक्षात एक पडला की त्याच्यामागोमाग दुसरा पडायचा, मग तिसरा.

तिचा टीम लीड यज्ञेश दर वेळी नेटवर्कवर खापर फोडायचा. पडलेला सर्व्हर आपोआप चालू करायची सोय करून त्याने विषय मिटवला होता. नेटवर्क तर तुटणारच, पण तुटल्यावर आपण का मरतो, हे संचिता विचारून विचारून थकली. मीटिंगमध्ये सगळे माना डोलवायचे आणि पुढच्या मुद्द्यावर जायचे.

एका सकाळी कल्याणच्या एका हॉस्पिटलमधून विनिताचा फोन आला. ती तिथे स्कॅनचं मशीन चालवायची. सरस्वतीबाई नावाच्या म्हाताऱ्या पेशंटचा स्कॅन सेव्ह होता होता गायब झालेला. बाई त्या बंदिस्त मशीनला घाबरायच्या. कशीबशी समजूत काढून त्यांना आत घेतलेलं.

"आता परत झोपा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू त्यांना?" विनिताने विचारलं.

फोन ठेवून संचिताने हातातलं काम बाजूला सारलं. टेस्टिंगच्या मशीनवर फाइल चढवायची आणि मध्येच नेटवर्कची केबल उपटायची, हेच करत बसली. काही होईना. वैतागून तिने एकदा उपटलेली केबल लगेच परत खुपसली, आणि सर्व्हर कोसळला.

मग कोडमध्ये कारण सापडलं. तुटलेलं कनेक्शन बंद करायचं काम दोन ठिकाणांहून व्हायचं, आणि ते लगेच परत जुळलं की दोन्ही एकदम धावायची. एका ठिकाणाने मोडीत काढलेलं दुसरं ठिकाण पुन्हा बंद करायला जायचं आणि सर्व्हर पडायचा. तो पडून आपोआप लगेच चालू झाला की त्याची बाकीच्यांशी असलेली कनेक्शनंही तुटून परत जुळायची, आणि तिथेही तेच.

यज्ञेशने पाहिलं. "बरोबर आहे गं. पण नवरात्रीनंतर टाकू, आत्ता रिस्क नको."

"मग विनिताला तूच सांग," म्हणत तिने नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "आजच टाकू." संध्याकाळी दुरुस्ती सर्व्हरवर चढली.

सर्व्हर पडायचे थांबले. कंपनीकडून ग्राहकांना मेल गेला, 'नेटवर्कमध्ये सुधारणा केली आहे.' तो वाचून संचिताचं डोकं फिरलं, पण भांडायची ताकद उरली नव्हती. तिने विनिताला फोन केला. सरस्वतीबाई त्या दिवशी तशाच घरी गेलेल्या. त्यांचा मुलगा विनवण्या करून थकला, पण त्या परत मशीनजवळ यायला तयार नव्हत्या.