रिकाम्या माळ्याचं माप

पुंजाजी फिटरला कुठलीही वस्तू खोलून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. स्वतःच्या लग्नात वाजंत्र्याची सनई खोलून बसलेला गडी तो! नवं मराठी राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती. मलकापुरातल्या एका सरकी काढायच्या जिनात तो कामाला होता. तिथं लोखंडी खांबांवरच्या फळ्यांच्या माळ्यावर चाळीस बाया मशिनीत कापूस घालत, त्यांत त्याची बायको केसरबाईही होती.

मालकाला माळ्याखाली गाठी दाबायचा नवा प्रेस बसवायचा होता आणि मधला खांब आडवा येत होता. शहरातल्या इंजिनिअरानं श्रावणातच येऊन त्यावर खडूनं फुली मारली होती. खांबाचं डोकं आणि माळा पेलणारा वरचा गर्डर यांच्यात बारीक फट होती, ती दाखवून तो म्हणाला होता, "हा नुसता उभा आहे, कापा." दिवाळीनंतर हंगाम लागला, प्रेस आला आणि मॅनेजर माणिकरावांनी पुंजाजीला कामाला लावलं.

पुंजाजी शिडीवर चढला. कापायच्या आधी बघू तर खरं, म्हणून त्यानं फटीत विडीचं पान सारलं. जाईना! फटच नव्हती. अरेच्चा, लोखंड वाढलं की काय? डोकं खाजवता खाजवता वरच्या कापसाच्या ढिगाकडे नजर गेली आणि तो तसाच शिडी उतरला. श्रावणात जिन बंद होता. इंजिनिअर साहेबानं रिकामा माळा मोजला होता.

"मी नाई कापत."

"साहेबापेक्षा शहाणा झाला काय बे?" माणिकराव तापले.

"शहाणा नाई जी. कापूस काढा, बाया उतरवा, मंग दाखवतो."

माळा रिकामा केला, पान सुळकन गेलं. मग त्यानं चाळीस बायांना वर मधोमध उभं केलं. माणिकरावांनी पान ओढलं तर अर्धंच हातात आलं; बाकीचं वजनानं वाकलेल्या गर्डरनं खांबावर दाबून धरलं होतं. त्यांचं तोंड उतरलं.

शेजारच्या दोन खांबांवर जाड गर्डर आडवा बसवला, मगच मधला खांब कापला. पण कापूस चढवायच्या दिवशी बाया जिन्याशीच घुटमळल्या. केसरबाई पदर खोचून एकटी चढली आणि ऐन कापलेल्या खांबाच्या जागी उभी राहिली. फळ्यांच्या फटीतून पाहते तर बरोबर तिच्या पायाखाली नवरा!

"खाली काऊन उभे राह्यले? सरका नं!"

"वर तू हायेस नं," पुंजाजी म्हणाला.

मग बाकीच्या बाया एकेक करून चढू लागल्या.