दुसरा फास

माझ्या शिक्षणाचे उपकार कोणाचे, तर दाजींचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आई-वडील गेल्यावर अक्कानं मला तिच्या सासरी, अकोले तालुक्यात पश्चिमेकडे कड्याखाली असलेल्या वाडीवर नेलं. दाजींनी मला संगमनेरच्या हायस्कुलात घातलं, पुढे पुण्याच्या कॉलेजात पाठवलं. कड्यावरच्या आग्या मोहळांचा मध आणि मेण ते संगमनेरच्या बाजारात नेत, त्यावर माझी फी भरली जाई. त्यांना स्वतःला मात्र अक्षरओळख नव्हती.

कड्यावर उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानंच धरायचा, असा आमच्या वाडीचा रिवाज होता. सख्खा भाऊ कितीही जिवाचा असला तरी त्याला दोर देत नसत. भावाचा जमिनीत वाटा असतो आणि मेव्हण्याची बहीण घरात असते, एवढाच त्यामागचा विचार. त्यामुळे सुट्टीत घरी आलो की दाजींचा दोर माझ्या हातात असे.

दोर घायपाताच्या वाखाचा, अंगठ्याहून जाड. त्याचं वरचं टोक झाडाच्या बुंध्याला बांधलेलं, खालचं उतरणाऱ्याच्या छातीला; मधला दोर मेव्हण्यानं हळूहळू सोडायचा. शिवाय उतरणाऱ्याच्या कमरेला पाठीमागे दोन फास असत, एक आखूड, एक लांब. बारीक दोराची टोकं एकमेकांना बांधून ते केलेले असत. मोठ्या दोराभोवती फासाचे तीन वेढे घातले की वजन पडताच तो आवळतो आणि वजन काढलं की वर सरकतो. आखूड फास कमरेला, लांब फास पायाला. पायावर उभं राहून कमरेचा सरकवायचा, कमरेवर बसून पायाचा. अधांतरी लोंबकळणारा माणूस असा स्वतःच स्वतःला वर आणू शकतो.

फास सांभाळायचे आणि बांधायचे मेव्हण्यानं. बांधून झाल्यावर त्यानं ते हातानं चाचपून मोठ्यानं 'दोन' म्हणायचं. उतरणाऱ्यानं स्वतः मागे हात लावून पाहणं म्हणजे मेव्हण्याचा अपमान.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपत आली होती तो उन्हाळा. कड्यावर जायच्या आदल्या आठवड्यात मला संगमनेरच्या एका मित्राची पुस्तकं परत करायची होती. गठ्ठा बांधायला सुतळी मिळेना, म्हणून खुंटीवरचा लांब फास घेतला. तो पुस्तकांबरोबर तिकडेच राहिला. परत आल्यावर नवा वळू, असं ठरवलं आणि विसरून गेलो.

कड्यावर पोचल्यावर दाजी माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"काय मेव्हनं, बी. ए. ला दोर धरायचा तास असतो का न्हाई?"

"असता तर पहिला आलो असतो, दाजी."

"मग बांधा बिगीबिगी. ऊन चढाया लागलंय."

पिशवीत हात घातला तर एकच फास लागला. तेव्हा कुठे मला तो गठ्ठा आठवला. 'एक' म्हणालो असतो तर आम्ही परत फिरलो असतो, दुसरं काहीच झालं नसतं. पण दोन कोस चढून आलो होतो. फास कुठे गेला ते सांगावं लागलं असतं. आणि इतक्या वर्षांत दाजींना त्याची गरज पडलेली मी पाहिली नव्हती.

मी एक फास बांधला आणि म्हणालो, "दोन."

दाजी उतरले. मोहळाजवळ पोचले तोच वारा फिरला, हातातल्या पेटत्या चुडीचा धूर भलतीकडे गेला आणि माश्या त्यांच्यावर उठल्या. पायाखालचा दगड निसटला. ते कपारीतून बाहेर फेकले गेले आणि दोरावर लोंबकळू लागले. हात पुढे केला तरी कडा लागत नव्हता.

"मेव्हनं, दुसरा फास न्हाई की वं!"

मी दोर दोन्ही हातांनी आवळून धरला.

"पडला वाटतं कुटंतरी. घाबरू नका. झाडाला दोर घट हाय ना?"

"घट्ट आहे, दाजी!"

त्यांनी डोक्याचं पागोटं सोडलं, पीळ देऊन त्याचा पायाला फास केला. पण कापड दोराला धरेना. वीतभर वर यायचे आणि हातभर खाली घसरायचे. मी जीव खाऊन ओढत होतो, पण कड्याच्या धारेवर दोर नुसता करकरे, हलत नसे. ते वर आले तेव्हा ऊन कललं होतं. तळहातांची सालं निघाली होती, सुजेनं डोळे मिटले होते. धाप लागलेली असतानाच ते म्हणाले, "तुमी दोन म्हनलात, म्हंजे माझ्याच हातनं गेला. धार वलांडताना घासलो आसंन."

मी त्यांना पाणी पाजलं. सांगितलं नाही.

त्यानंतर दाजी कड्यावर गेले नाहीत. ज्याला कमरेचा फास राखता येत नाही त्यानं दोराला हात लावू नये, असं ते स्वतःच म्हणत. पारावर लोक हसत, "आता गड्याला वट्यावरनं उतरायला बी मेव्हना लागतोय." ते रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले. माझी पुढची दोन वर्षं त्या खडीवर झाली.

बी. ए. चा निकाल लागला तेव्हा त्यांनी शाळेच्या गुरुजींकडून मला पत्र लिहवून घेतलं. आनंद झाल्याचं कळवून शेवटी सांगितलं होतं, 'आता नोकरीत जपून राहा. माझ्यासारखे गाफील राहू नका.' ती ओळ वाचली आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी हे लिहून पाठवलं:

"गुरुजी, हे पत्र दाजींना घरात वाचून दाखवू नका. पारावर, सगळ्यांसमोर वाचा.

दाजी, तुमचा फास पडला नव्हता. तो मी पुस्तकं बांधायला नेला होता आणि संगमनेरला ठेवून आलो होतो. तुमच्या पाठीशी एकच आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी दोन म्हणालो. तुम्ही गाफील नव्हता. गाफील मी होतो, आणि वर खोटा. तुम्ही खडी फोडत राहिलात आणि मी त्यावर शिकत राहिलो.

तुम्ही पुन्हा कड्यावर जावं. अक्काला दुसरा सख्खा भाऊ नाही, पण चुलतभाऊ आहे. दोर त्याच्या हातात द्या. मला तो मागण्याचा हक्क राहिलेला नाही. आणि तो दोन म्हणाला, तरी एकदा मागे हात लावून बघा. त्यात कोणाचा अपमान नाही."